तिसऱ्या मजल्यावरचं बंदर

इमारतीची लिफ्ट बंद पडून इतके दिवस झाले होते की लोक तिच्याबद्दल भूतकाळात बोलू लागले होते. "चांगली होती हो, कधी कुणाला त्रास नाही दिला," असं चौथ्या मजल्यावरचे दंतवैद्य जिना चढताना म्हणायचे, आणि ऐकणारा दोन पायऱ्या गप्प राहायचा.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं असं, की आतलं एक कार्ड गेलंय. ते आपल्याकडे बनत नाही, परदेशातून येतं. तिथेही ते बनत नाही, तिथे ते तिसऱ्याच देशातून येतं. सध्या ते समुद्रात आहे. कुठल्या समुद्रात हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण सांगताना त्याने पार्किंगच्या फाटकाबाहेर अशा नजरेने पाहिलं की दोघाचौघांनी माना वळवून जहाज दिसतंय का ते बघितलं.

त्याच पार्किंगमध्ये सभा भरली. इमारतीचे अध्यक्ष, निवृत्त, हृदयात पेसमेकर आणि दोन्ही गुडघे बदललेले, टेबलावर थाप मारून म्हणाले, "एवढंसं कार्ड! तेही आपल्याला बनवता येत नाही? आपल्यासारखा परावलंबी देश पृथ्वीवर दुसरा नसेल!" सगळ्यांना बरं वाटलं. लिफ्ट आपल्यामुळे बंद नाही, देशामुळे बंद आहे, हे एकदा ठरलं की माणूस निवांत घरी जाऊ शकतो. सभा तिथेच संपली असती.

पण सभेत सरासरी होता.

सरासरी हे त्याचं खरं नाव नव्हे. उंची, वजन, पगार, केस आणि मतं या सगळ्यांत तो मधोमध पडायचा. इमारतीतसुद्धा बरोब्बर मधल्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहायचा. शिवाय काहीही विचारलं तरी "सरासरी पाहिली तर" अशी सुरुवात करायची त्याला खोड. तेव्हा नाव पडलं ते पडलं. आता त्याच्या बायकोला भाजीवालासुद्धा "सरासरी वहिनी" म्हणतो.

नोकरी सरकारी. कोणता देश यंत्रं, उपकरणं, फोन, चिपा वगैरे तंत्रज्ञानाचा माल बाहेरून किती मागवतो आणि त्यावाचून त्याचं किती अडतं, याचा तुलनात्मक तक्ता त्याचं कार्यालय करायचं. म्हणजे सरासरी करायचा. विभागप्रमुख निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी होती, आणि प्रमुखाचं सगळं काम सरासरी सहायकाच्या खुर्चीत बसून करत होता. बढतीचं विचारलं की साहेब म्हणायचे, "पाहू." साहेबांची दृष्टी फार लांबची असावी. ते वर्षानुवर्षं नुसते पाहतच होते. घरी बायकोने विचारणं सोडलं होतं, आणि ते त्याला जास्त लागायचं.

तर देशाचा असा अपमान झालेला पाहून सरासरी उभा राहिला. बायकोने त्याच्या सदऱ्याचं टोक खाली ओढलं, पण सदरा वर गेलेला होता.

"तसं नाही अध्यक्षसाहेब," तो म्हणाला. "मागवतात सगळेच. जे जगाला माल विकतात तेही त्यातले सुटे भाग मागवतात. सरासरी पाहिली तर आपण साधारण मध्यावर आहोत."

सभा दुखावली. पहिला नंबर चालला असता, शेवटचाही चालला असता. शेवटच्या नंबरातही एक रुबाब असतो. पण मधला?

"मोजलंय कोणी?" दंतवैद्य म्हणाले.

"मी," सरासरी म्हणाला.

"तुम्ही मोजलंत होय!" दंतवैद्य म्हणाले, आणि या वाक्यावर लोक का हसले हे सरासरीला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या क्लासवाल्या बाई उठल्या. त्या मुलांना सगळे विषय शिकवायच्या आणि मोठ्या माणसांनाही. "सोपं करून सांगते," त्या म्हणाल्या. "आपली इमारत म्हणजे जग. प्रत्येक घर एक देश. कुणाच्या घरात बाहेरचा माल किती, ते यांनी मोजावं. म्हणजे कळेल परावलंबी कोण ते!"

टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्या की ठराव होतो, आणि ठराव झाला की ज्याने तोंड उघडलं त्याच्याच गळ्यात पडतो. जिना चढताना बायको एवढंच म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला."

एवढ्यावर भागलंही असतं. पण मोजणीसाठी लवकर घरी जायचं म्हणून सरासरीने साहेबांकडे परवानगी मागितली आणि कारण खरं सांगितलं. सरकारी कचेरीत खरं कारण सांगू नये. साहेब खुर्चीतून उठले. "नमुना पाहणी! घर म्हणजे देश! अहो, हे तर अहवालाच्या पहिल्या पानावर जाईल! मोठ्या साहेबांनाच घेऊन येतो तुमच्या इमारतीत निकालाच्या दिवशी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे नीट पार पाडा. त्या रिकाम्या जागेचं मी स्वतः बोलतो."

"पाहू"च्या पलीकडचं क्रियापद साहेबांच्या तोंडून सरासरीने पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवशी तो चालत घरी गेला आणि वाटेत दोनदा स्वतःशी हसला. घरी सांगितल्यावर बायकोच्या हातून चहात साखर जास्त पडली. वडील म्हणाले, "प्रमुख झालास की मला एकदा तुझ्या कचेरीत ने. शिपाई तुला उठून उभा राहतो का ते बघायचंय." सरासरी समजला, की आता माघार नाही.

पहिली अडचण व्याख्येची. तंत्रज्ञान कशाला म्हणायचं? अध्यक्षांच्या घरी उपसमिती बसली. मिक्सर तंत्रज्ञान की भांडं? क्लासवाल्या बाई म्हणाल्या, "ज्याला वायर ती वस्तू तंत्रज्ञान." मग इस्त्री आली, दिव्याची माळ आली, आणि दंतवैद्यांच्या मते टॉर्च सुटला. बरं, मिक्सर इथला पण मोटर बाहेरची असेल तर? घड्याळावर एका देशाचं नाव, मागे दुसऱ्याचं आणि आत काय ते देवाला ठाऊक, त्याचं काय?

मध्येच अध्यक्षांच्या पत्नी आतून येऊन म्हणाल्या, "मग ह्यांचं काय? छातीतलं मशीन बाहेरचं, दोन्ही गुडघे बाहेरचे, डोळ्यांतली भिंगं बाहेरची. यांना फ्रिजच्या खाली लिहायचं का?"

"अगं, मी माणूस आहे!" अध्यक्ष म्हणाले.

"असाल. पण टक्के काढले तर काठावर असाल."

उपसमितीने मतदान घेतलं. माणसात कायमचा बसवलेला माल माणूस समजावा, असा निर्णय झाला. अध्यक्ष एका मताने माणूस ठरले. ते मत त्यांचं स्वतःचं होतं.

मग सरासरी दारोदार फिरू लागला आणि चकित झाला. लोक त्याची वाटच बघत होते. मध्यमवर्गीय घरात वस्तू जाते पण तिचं खोकं जात नाही, ते माळ्यावर असतं. आज सगळी खोकी खाली उतरली होती. दंतवैद्यांनी दिवाणखान्यात खोक्यांची भिंतच रचली होती. "हे बघा, हे थेट तिकडून. याच्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येत नाहीत आपल्याला!" क्लासवाल्या बाईंनी पाय दाबायचं यंत्र, भांडी घासायचं यंत्र आणि फरशीवर आपोआप फिरणारा झाडू दाखवून वर विचारलं, "दंतवैद्यांपेक्षा जास्त झालं ना?" जिन्यात एक आजोबा सरासरीचा हात धरून म्हणाले, "आमचा रेडिओ राहिला हो. बंद आहे, पण परदेशी बंद आहे."

"मंडळी, यात ज्याचा आकडा जास्त तो देश जास्त परावलंबी," शेवटी सरासरीने इमारतीच्या फळ्यावर सूचना लिहिली. "ज्याचा आकडा सर्वांत कमी, तो पहिला. मोजणी रविवारी पुन्हा होईल."

फळ्यासमोर बरीच गर्दी जमली आणि न बोलता पांगली. आयुष्यभर हौसेनं जमवलेली श्रीमंती एका खडूच्या ओळीत परावलंबन झाली होती. क्लासवाल्या बाई तर फळ्याकडे असं पाहत होत्या, जणू त्यांच्या विद्यार्थ्याने त्यांनाच नापास केलं.

शनिवारी दुपारी सरासरीच्या दाराची बेल वाजली. बाहेर दंतवैद्य आणि त्यांचा भाऊ, दोघांच्या मध्ये एक मोठा टीव्ही, पांघरुणात गुंडाळलेला, आजारी माणसासारखा.

"वहिनी, दोनच दिवस," दंतवैद्य धापा टाकत म्हणाले. "मोजणी झाली की नेतो. मोजणाऱ्याचं घर कोण मोजणार?"

आता ही युक्ती दंतवैद्यांना एकट्यालाच सुचली असती तर प्रश्न नव्हता. पण हुशारी ही गोष्ट आपल्याकडे समान वाटली गेलीय. ती संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सुचली. ज्यांनी लिफ्ट बंद झाल्यापासून म्हाताऱ्या शेजारणीची पिशवी कधी उचलली नव्हती, ते कपडे धुण्याची यंत्रं पाठीवर घेऊन जिना चढत-उतरत होते. वर-खाली जाणारे एकमेकांना ओळख देत नव्हते. क्लासवाल्या बाईंनी यंत्रावर चादर टाकली होती आणि विचारण्याआधीच सांगत होत्या, "अंथरूण आहे, अंथरूण. जड असतं कधीकधी."

सरासरीची बायको कुणाला नाही म्हणेना. "असं कसं म्हणू? त्यांच्याकडून मी वाटीभर साखर आणलीय."

"साखर वाटीभर होती!"

"उपकाराला वाटी नसते," ती म्हणाली, आणि फ्रिज सरकवून दुसऱ्या फ्रिजला जागा केली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. इथे व्याही चौदा होते, आणि घोड्यांना वायरी होत्या.

रात्रीपर्यंत घरात चालायला एकच वाट उरली, तीही आडवी. चार टीव्ही भिंतीला टेकून रांगेत उभे होते. आपोआप फिरणारा झाडू चुकून सुरू झाला आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे कपाटाखाली गुरगुरत राहिला. वडिलांना दंतवैद्यांची अंग रगडणारी खुर्ची सापडली होती. ती खुर्ची एकदा पोटऱ्या धरली की आपली फेरी पुरी झाल्याशिवाय सोडत नसे. "रा-रा-राहू दे," वडील थरथरत म्हणाले, "प-प-पाठ मोकळी होतेय." बायकोने भांडी घासायच्या यंत्राला हात लावून पाहिला, मग वायर जोडली, मग भांडी लावली. सकाळी ती म्हणाली, "सोमवारी द्यायचंच का हे?" पंधरा वर्षांच्या संसारात तिचा आवाज इतका हळवा त्याने ऐकला नव्हता.

रविवारची मोजणी झाली. निकाल: सगळीकडे शून्य. चौदाच्या चौदा देश संपूर्ण स्वावलंबी. दंतवैद्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन होता. "आम्ही गप्पा मारतो संध्याकाळी," ते म्हणाले. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की गप्पा कालच सुरू झाल्या असाव्यात, आणि त्या वाईट चालल्या असाव्यात. क्लासवाल्या बाई बाह्या सरसावून बादलीसमोर उभ्या होत्या. बादलीत पाणी नव्हतं.

जगाच्या तक्त्यात असा एकही देश सरासरीने पाहिला नव्हता. खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं; खोटं कुठे ठेवलंय हेही ठाऊक होतं; रात्री तो त्याच्यावरच अडखळून पडला होता. पण खरं लिहायचं तर सगळ्या इमारतीचं नाक कापायचं, आणि पाहणी फसली हेही कबूल करायचं. मग रिकामी जागा रिकामीच. त्याने शून्यं लिहिली. घाईघाईने लिहिली, म्हणून काही शून्यं लांबट आली.

सोमवारी गच्चीवर निकालाचा कार्यक्रम होता. साहेब मोठ्या साहेबांना घेऊन आले. मोठे साहेब खरोखरच मोठे होते, आणि लिफ्ट समुद्रात होती. पहिला मजला ते बोलत चढले, दुसरा गप्प चढले. तिसऱ्यावर त्यांनी कठडा धरला आणि म्हणाले, "पाणी."

"वर व्यवस्था आहे सर," सरासरी घाईने म्हणाला. "अजून दोनच मजले—"

"हे घर कोणाचं?"

"हे यांचंच, सर!" साहेबांनी कौतुकाने दार ढकललं.

दार अर्ध्यावर अडलं. मोठे साहेब आडवे होऊन आत गेले. हे फार थोड्यांनी पाहिलेलं दृश्य आहे. आत त्यांनी चार टीव्ही पाहिले, फ्रिज पाहिले, यंत्रांवर यंत्रं पाहिली. खुर्चीतून सरासरीचे वडील म्हणाले, "या-या-या, ब-ब-बसा." त्यांना उठायचं होतं, पण खुर्चीने पोटऱ्या धरल्या होत्या.

मोठे साहेब पाणी प्यायले नाहीत. त्यांनी अगदी हळू विचारलं, "तुम्ही आमच्याकडे कोणत्या पदावर आहात म्हणालात?"

"सहायक, सर."

"नुसते सहायक?" त्यांनी पुन्हा एकदा चारही टीव्ही पाहिले. "आणि आयात विभागात."

साहेब तोवर दोन पावलं मागे सरकून, आपण या माणसाला फारसं ओळखत नाही, अशा चेहऱ्याने छत बघत होते. सरासरीच्या डोळ्यांपुढे प्रमुखाची जागा गेली, तिच्या मागोमाग सहायकाची गेली. त्याने बायकोकडे पाहिलं. ती भांडी घासायच्या यंत्राच्या पुढे उभी राहून ते पदराने झाकत होती. जिन्यात सगळी इमारत जमली होती. दंतवैद्य होते, बाई होत्या, अध्यक्ष होते. जो तो दुसऱ्याच्या मागे उभा होता.

"सर, हा माल माझा नाही," सरासरी म्हणाला. पुढे तो तक्त्याच्या आवाजात बोलू लागला. तोच एक आवाज त्याला नीट येत होता. "आपल्या तक्त्यात काही चिमुकले देश असतात, सर. लोक मूठभर, पण आयात पाहावी तर डोळे फिरतात. वाटतं, हे किती परावलंबी! पण तो माल त्यांचा नसतो. त्यांच्याकडे बंदर असतं. माल येतो, थांबतो, पुढे जातो. नाव मात्र त्यांचं लागतं. सर, माझं घर बंदर आहे."

"मग माल कोणाचा?"

सरासरीने जिन्याकडे पाहिलं. जिना पायऱ्या मोजू लागला. एका यंत्राने आपलं काम झाल्याची शिट्टी वाजवली.

"कोणाचाच नाही?" मोठे साहेब म्हणाले. "ठीक आहे. बेवारस माल सरकारजमा होतो. ट्रक बोलवा."

पुढचा गोंधळ शब्दांत सांगणं अवघड आहे. "माझा! तो मोठा टीव्ही माझा!" असं एकाच टीव्हीबद्दल तिघं ओरडले. त्यातले दंतवैद्य शनिवारी आणला होता त्यापेक्षा बराच मोठा टीव्ही मागत होते. "अंथरूण माझं!" क्लासवाल्या बाई यंत्राला मिठी मारून म्हणाल्या. फ्रिज होते पाच, मालक निघाले सात. अध्यक्षांनी "शिस्त! शिस्त!" म्हणत एक मायक्रोवेव्ह काखेत मारला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे मायक्रोवेव्ह नव्हता!" अध्यक्ष म्हणाले, "गप्प बस, तुला आठवत नाही."

मोठ्या साहेबांचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला. "अगदी असंच!" ते साहेबांच्या पाठीत थाप मारून म्हणाले. "देश अगदी असेच करतात! हा म्हणतो इतका माल पाठवला, तो म्हणतो तितका आलाच नाही. इतकी जिवंत पाहणी मी कधी पाहिली नव्हती!" तेव्हा साहेबांनाही सरासरीची ओळख पटली, आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

माल संध्याकाळपर्यंत घरोघर गेला. सगळ्यात शेवटी भांडी घासायचं यंत्र गेलं. बायको त्याला दारापर्यंत सोडायला गेली. शेजाऱ्यांनी पुढे कित्येक दिवस सरासरीशी बोलणं टाकलं. त्याने मालाला जागा दिली हे ते विसरले होते. त्याने साहेबांना घरात येऊ दिलं हे लक्षात होतं.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. सरासरीने नवा सदरा घातला होता. बायकोने तो स्वतः काढून ठेवला होता.

"अभिनंदन!" साहेब म्हणाले. "तुमच्या पाहणीने वरचे लोक हलले. विभाग किती महत्त्वाचा आहे ते त्यांना पटलं. रिकामी जागा भरायला ताबडतोब मंजुरी."

सरासरीने नवा सदरा नीट केला.

"इतका महत्त्वाचा विभाग, म्हणून प्रमुख बाहेरून मागवायचं ठरलंय. परदेशी तज्ज्ञ. परावलंबनाचा फार मोठा जाणकार माणूस. तुम्ही त्याला काम शिकवा."

घरी वडील एवढंच म्हणाले, "पिकतं तिथे विकत नाही." बायकोने त्याचा नवा सदरा हाताने धुतला, बराच वेळ धुतला.

तज्ज्ञ आला. उंची मध्यम, केस मध्यम. मोडकंतोडकं का होईना, भाषा शिकून आला होता. सरासरीने त्याला तक्ता दाखवला. तज्ज्ञाने तो नीट वाचला, मागची पानं उलटली, पुन्हा वाचला.

"उत्तम. हे कोणी केलं?"

"इथेच बनतं," सरासरी म्हणाला. "मी करतो."

तज्ज्ञ गोंधळला. "मग मला का बोलावलं?"

या प्रश्नाचं उत्तर सरासरीच्या हुद्द्यात बसत नव्हतं. त्याने चहा मागवला.

"तुम्ही तुमच्याकडचं असलं काम सोडून आलात?" चहा पिता पिता सरासरीने विचारलं. "तिथे तुम्हीच प्रमुख असाल ना?"

तज्ज्ञाने दमल्यासारखी मान हलवली.

"नाही. मी सहायक. प्रमुख त्यांनी बाहेरून मागवला."